घोड्याची चाल

ताई शिलाईकाम करते. तीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं तिनं डोक्यात ठेवली. यंदा ती मापं लिहायला वही घेऊन आली, तेव्हाच मला शंका आली.

आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. गॅसवर भांडंसुद्धा न चढवता ती विचारायची, "चहा घेतलात ना सगळ्यांनी?" आम्ही हसायचो, मेल्या अक्कलशून्य पोरी. शेवटी तिला आमची नावंही आठवेनात. तेव्हा ती छप्पन्नची होती. ताई आता पंचावन्नची आहे, मी त्रेपन्नची.

बायकांच्या बुद्धिबळ स्पर्धेत ताईनं नाव दिलं ते यासाठीच. "जिंकले तर माझं डोकं शाबूत. हरले तर मुकाट्यानं डॉक्टरकडे येईन," ती मला म्हणाली. एकेकीला हरवत ती अंतिम फेरीत पोचली आणि समोर कोण, तर मीच. मुद्दाम हरावं तर ती लगेच ओळखणार, जिंकावं तर तिचा धीर सुटणार. इकडे आड, तिकडे विहीर.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत डाव मांडला. आमच्या मंडळात आधी चाल कागदावर लिहायची, मग मोहरा हलवायचा आणि मग घड्याळ दाबायचं. उतावळ्या बायकांसाठी पंचबाईंनी काढलेला हा नियम.

ताई छान खेळत होती. विसाव्या चालीला तिनं घोडा पुढे आणून माझ्या वजिरावर धरला आणि घड्याळ दाबलं. मला ती चाल अपेक्षितच होती. समोरच्या खेळाडूचीही चाल टिपायची असते, म्हणून मी ती माझ्या कागदावर उतरवली आणि वजीर वाचवायला हात पुढे केला.

"थांबा," पंचबाई म्हणाल्या. "घोडा हललाच नाहीये."

खरंच, घोडा होता तिथेच होता. ताईनं चाल लिहिली होती, घड्याळ दाबलं होतं, मधलं तेवढं राहून गेलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला आई आठवली, रिकामी शेगडी आठवली.

"दमलीयेस गं, दुसरं काही नाही," मी म्हणाले.

ताईनं माझा कागद स्वतःकडे ओढला आणि त्यावर बोट ठेवलं. न झालेली ती चाल तिथेही होती, माझ्या अक्षरात.

"बहिणी शोभता खऱ्या," पंचबाई हसल्या. आम्ही दोघी हसलो नाही.

"डॉक्टरकडे दोघींची वेळ घे," ताई हळूच म्हणाली. मी मान हलवली.

"आत्ताच लिहून ठेव."