पोवळं लालच असतं ना?

पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीला यंदा समुद्राचा देखावा आहे. पुठ्ठ्याची प्रवाळं मी रंगवली, सगळी लाल. समोरच्या सावंतकाकूंनी बोटातली अंगठीच दाखवली होती, "पोवळं लालच असतं रे!"

आज दुपारी वरच्या मजल्यावरची नेहा आली. समुद्री जीवशास्त्र शिकतेय. म्हणाली, "दादा, तुम्ही प्रवाळ नाही, त्याला मारणारं शेवाळ रंगवलंय."

मोबाइलवर फोटो दाखवला. शेवाळ तांबडं, पण टाकीतल्यासारखं बुळबुळीत नाही. भाताच्या खरपुडीसारखं कडक. जिवंत प्रवाळावर चढतं आणि नव्या प्रवाळाला रुजायला जागाच ठेवत नाही. माझा रंग अगदी सेम.

कोपऱ्यात एक तुकडा रंगवायचा राहिला होता, साधा तपकिरी पुठ्ठा. नेहा म्हणाली, जिवंत प्रवाळ बरेचदा असंच दिसतं.

पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. मी 'समुद्राचं वैभव' ही पाटी काढून 'यातलं जिवंत प्रवाळ शोधा' अशी लावली.

आरतीनंतर सगळ्यांनी लालकडे बोट दाखवलं, सेल्फी काढले. तपकिरी तुकडा फक्त सावंतकाकूंना दिसला.

"अरे, हा एक राहिलाय बघ. लाल रंग उरलाय का?"

आत्ता त्या ब्रश शोधतायत. त्यांना काय सांगू?