बेसिन शाबूत काढायचं

आमच्या बाथरूममधलं बेसिन मी माझ्या हातानं बसवलं होतं, तेव्हा ते काढायचा हक्कही माझाच, असं माझं म्हणणं होतं. मुलाचं म्हणणं वेगळं. मिस्तरी बोलवू, तो दोन हातोडे घालेल, तुकडे पोत्यात भरेल आणि जाईल. नवं बेसिन सूनबाईनं पसंत करून आणलेलंच होतं. खोक्यात बांधलेलं, दिवाणाखाली सरकवलेलं.

नव्याला माझी ना नव्हती. जुन्यावर पिवळे डाग पडले होते, नळाखाली गंजाची वाट तयार झाली होती, सूनबाई किती घासणार. पण फोडायचं हे काही मला पटेना. चांगली वस्तू. कुठं तडा नाही, कुठं टवका नाही. आमची दापोऱ्याच्या शेतात एक खोली आहे, तिथं केळी कापायला माणसं येतात, चिकानं काळे झालेले हात बादलीत बुचकळतात. बायको बरेच दिवस म्हणत होती की तिथं हात धुवायला नीट काही करा. मी म्हटलं, हेच नेऊन लावू. शाबूत काढतो.

मुलगा हसला. म्हणाला, आबा, बेसिन शाबूत कोणी काढत नाही.

इथं माझ्या थैलीचं सांगावं लागेल. खताच्या गोणीची मी शिवलेली थैली आहे. तीत दोन पाने, एक पाईप पाना, पकड, छन्नी, हातोडी, करवतीची पाती, सुताची गुंडी. शाळेत मी चौथीच्या पुढं गेलो नाही, पण या थैलीच्या जोरावर घरातला पंखा, शेतातली मोटर, शेजारणीची शिलाई मशीन, सगळं चालतं ठेवलं. होळीच्या आधी ट्यूबलाइट बदलताना स्टुलावरून घसरलो. काही मोडलं नाही, कंबर नुसती निळी झाली. पण मुलानं त्याच दिवशी थैली माळ्यावर नेऊन ठेवली आणि शिडी शेजाऱ्याकडं देऊन टाकली. तेव्हापासून घरात काही बिघडलं की फोन करून माणूस यायचा. मी खुर्चीवर बसून पाहायचो, आणि तो माणूस चुकीचा पाना उचलतो हे दिसत असताना गप्प बसायचो. गप्प बसलो असं मी म्हणतो. बायको म्हणते, नाही बसले.

तर बेसिनवरून दोन दिवस घरात वाद चालला. शेवटी मुलगाच वैतागून शिडी मागून आणायला गेला, थैली खाली काढली आणि माझ्यापुढं ठेवली. म्हणाला, "आबा, बस एक काम. बेसिन शाबूत निघालं तं थैली तुमची, मी पुन्हा बोलणार नाही. फुटलं तं थैली भंगारवाल्याला, आणि तुम्ही पाना हातात धरायचा नाही. मंजूर?"

मी म्हटलं, मंजूर. त्यानं आणखी एक अट घातली, मिस्तरी नाही आणि तो स्वतःही हात लावणार नाही. मी म्हटलं, तुला कोण बोलवतंय.

आता ते बेसिन कसं बसवलं होतं ते ऐका, म्हणजे पुढची गंमत कळेल. आम्ही दापोऱ्याहून इथं शहरात, लोधीपुऱ्यात राहायला आलो तेव्हा गल्लीत कोणाच्या घरी बेसिन नव्हतं. मोरीत बसून तोंड धुवायचं. मी बाजारातून बेसिन आणलं, सायकलच्या कॅरिअरवर, खाली उसाचं पाचट घालून. बसवताना कोणाला पाहिलेलं नव्हतं. मला खुंटा ठोकता येत होता. बैल ज्याला बांधायचा तो खुंटा कसा रोवतात ते मला माहीत, तेव्हा बेसिनखालची दोन लोखंडी ब्रॅकेटं मी तशीच रोवली. भिंतीत वीतभर भोक, आत सिमेंट, वर फरशीचे तुकडे ठोकून. मग बेसिन ठेवल्यावर भिंतीशी जी फट राहिली तीत पुन्हा सिमेंट, आणि वरून पांढरं सिमेंट. नळाच्या आट्यांवर सूत गुंडाळलं, तेही लूमवरचं, ओळखीच्या विणकराकडून आणलेलं, सफेद्यात, म्हणजे नळवाले लावतात त्या पांढऱ्या लेपात, बुडवून. गल्लीतली माणसं पाहायला आली. एक जण म्हणाला, याला बैल बांधता येईल. मी खूश झालो होतो.

आणि आता त्याच बेसिनखाली मी आडवा पडून वर पाहत होतो. मला वाटलं, हे ज्यानं बसवलं तो माणूस फार खमक्या होता. हलेना काही.

सूनबाई शाळेत शिकवायला जाते. जाता जाता तिनं गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला, कारण गच्चीवर जायची मला मनाई. नवऱ्याला सांगू नका म्हणाली. मुलगा दुकानात गेला. घरात मी आणि बायको. ती दारापुढच्या ओट्यावर सुपात तूर घेऊन बसली आणि आतल्या दाराकडं पाठ करून म्हणाली की काढायच्या वेळेला हाक मारा, एकट्यानं ओढू नका. मी हो म्हटलं.

नळाचा आणि खालच्या पाईपाचा नट पांढरे झाले होते. आमच्याकडचं पाणी खारट, जिथं लागेल तिथं थर बसवतं. शेतात ठिबकच्या नळ्या अशाच बुजतात, मग त्यातून ॲसिड सोडावं लागतं. ते ॲसिड मी आदल्या दिवशीच शेतातून आणून ठेवलं होतं. बायकोनं वास घेतला आणि बाटली उचलून अंगणात ठेवली. म्हणाली, घरात हे नाही. मी म्हटलं, मग नट तुझ्या बोलण्यानं सुटणार का. तिनं रात्रीच चिंच भिजत घातली, तिचा कोळ चिंधीला लावला आणि त्या चिंध्या दोन्ही नटांना बांधून दिल्या, लहान पोराच्या बोटाला बांधतात तशा. म्हणाली, हंड्याचा थर यानंच निघतो. मला हसू आलं होतं. पण सकाळी चिंधी सोडली तर पितळ चकचकीत, आणि नळाचा नट पान्याचा पहिला हिसका बसताच कुरकुरला आणि फिरला. आट्यांवरचं सूत अजून पांढरं होतं, सफेद्याचा वास तसाच होता. मी ते नाकाशी धरलं. इतक्या वर्षांत त्यातून एक थेंब गळला नव्हता. हे कोणाला तरी दाखवावं असं वाटलं, पण बोलवलं तर बायको म्हणणार, आता थांबा, मी येते. मी सूत खिशात ठेवलं.

मग सिमेंट. छन्नी तिरपी धरून, हातोडी हलकी, एकेक पापुद्रा. जोर केला की बेसिन दणका खाणार आणि तडकणार, तेव्हा जोर करायचा नाही. हे काम मला जमतं. घाई नसलेली कामं मला सगळी जमतात. घाम डोळ्यात जात होता, कंबर बोलत होती, आणि खरं सांगू का, होळीपासून मी इतका खूश नव्हतो. हातोडीचा आवाज बदलला की कळत होतं आत पोकळ आहे की भरीव. हा आवाज मी किती दिवसांनी ऐकत होतो.

माझा हिशोब असा. खालची ब्रॅकेटं बेसिनला धरून आहेत. मी वरचं सिमेंट काढणार, मग पाईपाचा नट सोडणार, मग बायकोला हाक मारणार. हिशोब बरोबर होता. पण शेवटचा पापुद्रा उडाला तसं डाव्या बाजूनं काहीतरी कट्कन वाजलं आणि अख्खं बेसिन माझ्या अंगावर आलं.

मी मिठी मारली. दुसरं काय करणार. हातोडी पडली, छन्नी पडली, मी बेसिनला पोटाशी धरून उभा. मान वाकवून पाहिलं तर डावं ब्रॅकेट गंजून कधीच संपलेलं. नुसता लाल भुगा. म्हणजे इतकी वर्षं त्या बाजूला बेसिन ब्रॅकेटवर नव्हतंच, माझ्या सिमेंटवर होतं. एवढ्या अडचणीतही मला त्या सिमेंटचा अभिमान वाटला.

पण पंचाईत अशी की खालचा पाईप अजून अडकलेला. बेसिन उचलून बाजूला ठेवता येईना. पाईप सोडायला एक हात पाहिजे, आणि एक हात काढला की बेसिन जाणार. हाक मारावी तर कशी मारावी. मारली असती तर ती धावत आली असती, हे मला माहीत होतं. पण मी सकाळी हो म्हटलेलं होतं आणि केलं नव्हतं, आणि हे तिला तिथूनच, आवाजावरून कळलं असतं. मी म्हटलं, जरा दम घेऊ, काही सुचेल. उभा राहिलो. काही सुचलं नाही. हाताला कळ लागायला लागली.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. मुलाचाच असणार, निघालं का विचारायला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मी बेसिनला धरून, फोन मांडीला गुदगुल्या करून राहिलेला, आणि मला हसू यायला लागलं. हसलो तर बेसिन हलतं. ते दाबायचं म्हणून मी दात आवळले.

बाहेरून बायको बोलली, "अहो, फोन काऊन नाही उचलत?" मग तिची पावलं आली. ती दारात थांबली. मला पाहिलं, भुग्याकडं पाहिलं, खाली पडलेल्या छन्नीकडं पाहिलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती वळली आणि निघून गेली.

परत आली ती हातात गोधडी घेऊन. घडी घालून खांद्यावर टाकली, पदर खोचला, अंघोळीचं स्टूल पायानं ओढून त्यावर बसली आणि बेसिनच्या पोटाखाली खांदा दिला.

हे आम्हा दोघांना कोणी शिकवायची गरज नव्हती. दापोऱ्याला पहिली केळी लावली तेव्हा मजूर परवडत नव्हता. मी घड कापायचो, ती झेलायची. खांद्यावर हीच अशी गोधडीची घडी. घडाला माती लागली, साल खरचटली की काळा डाग पडतो आणि व्यापारी तोंड फिरवतो, म्हणून घड जमिनीला टेकवायचाच नाही. आणि एक नियम होता, तिनंच घातलेला. खालच्यानं सोडा म्हटल्याशिवाय वरच्यानं विळा चालवायचा नाही. एकदा मी आधीच चालवला होता, तर ती घडासकट चिखलात बसली होती, आणि घड वर धरलेला होता. डाग लागला नव्हता. मला मात्र आठवडाभर बोलणी लागली होती.

आता वजन तिच्या खांद्यावर गेलेलं मला हातांना कळलं. मी हात सैल केला, खाली वाकलो, पाईपाचा नट पकडीत धरला. चिंचेनं त्याचं काम केलेलं होतं. नट सुटला, पाईप बाजूला झाला. मी उठून दोन्ही कडा नीट धरल्या.

मी विचारलं, "सोडू?"

"थांबा," ती म्हणाली. खांदा जरा आत सरकवला. गोधडी ठीक केली. मुद्दाम उशीर लावत होती, हे मला चांगलं कळत होतं. "हाक काऊन नाही मारली?"

मी म्हटलं, मारणारच होतो.

"कधी?"

ती खालून हसायला लागली, तिच्या हसण्यानं बेसिन हललं, मग मलाही आवरेना. आम्ही दोघं म्हातारे बाथरूममध्ये एक बेसिन धरून हसत होतो आणि ते खाली ठेवता येत नव्हतं. शेवटी तिनंच स्वतःला सावरलं आणि म्हणाली, "सोडा आता."

मी सोडलं. ते तिच्या खांद्यावर आलं, मी पुढून धरलं, ती स्टुलावरून हळूच उठली, आणि पाय मोजून टाकत आम्ही ते ओट्यावर आणलं. तिनं आधीच तिथं केळीची पानं अंथरून ठेवली होती. म्हणजे गोधडी आणायला गेली तेव्हाच.

संध्याकाळी मुलगा आला. गाडी लावता लावताच ओट्याकडं पाहिलं. जवळ आला, वाकला, माठ घेताना वाजवतात तसं बोटानं बेसिन वाजवलं. एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं, खालून. खणखणीत वाजत होतं. बाथरूममध्ये जाऊन भिंत पाहिली. उजवं ब्रॅकेट भिंतीत तसंच होतं, मी त्याला लोंबकळून पाहिलं होतं, ढिम्म हललं नाही. त्यावर बायकोनं टॉवेल वाळत घातला होता.

बाहेर येऊन त्यानं आईच्या पदरावरचा लाल गंज पाहिला. म्हणाला, माय, हे काय. आणि माझ्याकडं वळला, आबा, एकट्यानं काढायचं ठरलं होतं ना.

बायको तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मिस्तरी नाही आणि तू नाही, एवढंच ठरलं होतं. मी काय मिस्तरी आहे?"

सूनबाई दाराआडून हसली. मुलगा आत गेला, माझ्याच थैलीतून हातोडी आणि एक खिळा घेतला आणि माझ्या खाटेजवळच्या भिंतीत, माझा हात पोचेल एवढ्या उंचीवर ठोकला. थैली त्यावर अडकवायला गेला.

खिळा वाकडा बसला होता. मी म्हटलं, राहू दे. पकडीनं तो उपटला, सरळ केला आणि नीट ठोकायला लागलो. थैली मुलाच्या हातात होती, आणि ती जड आहे.

"आबा, सोडू का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, थांब जरा.