पाडीच्या बेंबीवरची पट्टी

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला गोठा दाखवत होते, तेव्हा तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, तिच्या पोटाखाली ती गाठ कसली?" तेवढ्यात तुमची झोपायची वेळ झाली आणि उत्तर राहून गेलं. उत्तर जरा लांब आहे आणि त्यात माझी एक चूक आहे. ती मीच सांगितलेली बरी, कारण तुमची धाकटी आजी सांगेल तेव्हा ती दुप्पट मोठी झालेली असेल. शिवाय ती गाठवाली गाय काल व्यायली, म्हणून आजच लिहायला बसले. हळूहळू वाचा, शब्द अडला तर बाबांना विचारा.

धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ. आमची घरं एकाच आवारात, कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. माझ्या घरात पुस्तकांची कपाटं आणि तिच्या घरामागे गोठा. तीन वर्षांपूर्वी त्या गोठ्यात एकच म्हातारी गाय उरली होती. लागोपाठ तीन वेळा तिला नर वासरूच झालं होतं. तुमच्या काकाने, म्हणजे जावेच्या मुलाने, सांगून टाकलं होतं की ही गाय गेली की गोठा मोडायचा आणि तिथे गाडीसाठी शेड घालायची. त्याचंही चूक नव्हतं. आईचे गुडघे त्याला दिसत होते. जाऊ म्हणाली, "आता पाडी झाली तर गोठा ऱ्हाणार. न्हाय झाली तर मोड." काकाने मान्य केलं. आणि एका सकाळी पाडी झाली, म्हणजे मादी वासरू.

जाऊ गाईपाशी होती, मी पाडीपाशी. जाऊ नेहमीप्रमाणे नाळेला चुलीतली राख लावणार होती. मी म्हटलं, राख नको, हे काम स्वच्छ झालं पाहिजे. कात्री उकळली, नाळ कापली, पोटाला अगदी लागून दोऱ्याने घट्ट बांधली. वर हळद आणि तूप भरलं. मग जुन्या सुती साडीची पट्टी फाडून पोटाभोवती अशी नीट गुंडाळली की जाऊ बघतच राहिली.

"आक्का, पाडीचं बारसं हाय काय आज?"

आमच्याकडची रीत अशी की गाईची वार, म्हणजे वासरामागून पोटातून पडणारी पिशवी, पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही. वार पडायला दुपार झाली. मग जावेने चरवी भरून चीक काढला. चीक म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दाट, पिवळं दूध. त्याचा खरवस करून घरोघर द्यायचा, आणि कुणाला द्यायचा याची यादी अर्थातच मी केली होती. चौदा घरं. एकही घर सुटलं नाही. सडात जे उरलं ते पाडीला मिळालं.

आठव्या दिवशी पट्टी ओली लागली आणि तिला वास येत होता. सोडली तर बेंबीपाशी लिंबाएवढी सूज. दुसऱ्या दिवशी ती मोसंबीएवढी झाली. हात लावला की गरम, आणि पाडी पाठ वाकवून मागे सरायची. आईच्या सडाला दोनदा तोंड लावून ती मान खाली घालून उभी राही. ताप एकशे चार.

"गळूच आहे," मी म्हटलं. "ब्लेड उकळते आणि फोडते."

"तुमचं सगळं उकळूनच असतंय. डॉक्टरास्नी फोन लावा."

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर आली ती गडहिंग्लजकडची, तुमच्या मावशीच्या वयाची मुलगी. तिने पाडीला कुशीवर निजवलं आणि सूज चहूबाजूंनी चाचपली.

"आजी, ब्लेड लावलं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं. कधी यात पू असतो, कधी आतडं खाली उतरलेलं असतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं. आतडं कापलं असतं तर मी येऊन काय केलं असतं?"

तिने सुई घालून ओढलं. सिरिंजमध्ये पिवळा पू आला, म्हणजे आतडं नव्हतं. सूज अजून कडक होती. चार दिवस शेकायचं, इंजेक्शनं ती देणार, मऊ पडली की फोडायची. मग तिने पाडीचे चारही पाय दाबून पाहिले. विष रक्तात गेलं तर सांधे सुजतात, आणि सांधे सुजले तर अवघड, असं म्हणाली.

"वाचंल न्हवं?" जावेने विचारलं.

"चीक किती पाजलाय?"

"सडात उरला होता तेवढा," मी म्हटलं.

"पहिल्या दोन तासांत पोटभर पाजायचा, मावशी. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच येते. वार पडायची वाट बघायची नाही. वासरू प्यालं की वार उलट लवकर पडते."

ती गेल्यावर मी म्हटलं, "यादी मी केली होती. पट्टीही माझीच."

"यादी तुमची. चीक काढला कुणी? मीच की. आणि खरवस तुम्ही दोन वाट्या खाल्लासा, मी तीन." मग ती पाणी तापवायला उठली.

चार दिवस आम्ही आळीपाळीने गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं. पाचव्या दिवशी डॉक्टरने सूज खालच्या बाजूने फोडली. घमेल्यात इतका पू आला की एवढ्याशा जिवात तो मावला कसा हेच कळेना. जखम धुऊन तिने आत औषधात भिजवलेली जाळीच्या कापडाची वात घातली. माझ्या तोंडून निघालंच, "आता पट्टी?"

"आजी, पट्टी नाही. नाळ बांधून झाकली म्हणून तर ती सुकली नाही, आत कुजली. तोंड आधी मिटलं तर पू आतच राहतो. जखम आतून भरत बाहेर आली पाहिजे. उघडी राहू दे."

मी कपाटाचं दारसुद्धा उघडं ठेवत नाही. ती उघडी जखम बघणं मला धुण्यापेक्षा जड गेलं. सकाळ-संध्याकाळ जाऊ पाडीचं डोकं काखेत धरायची आणि मी आयोडीनच्या पाण्याने जखम धुऊन भोवती माशा बसू नयेत म्हणून औषध लावायची. वात रोज थोडी थोडी बाहेर ओढायची. वहीत मी तीन रकाने पाडले होते: ताप, पू, गुडघे. तिसऱ्या दिवशी मला उजवा गुडघा मोठा वाटला. मी दोन्ही गुडघे पुन्हापुन्हा दाबून पाहू लागले.

"दाबून दाबूनच सुजवशीला," जाऊ म्हणाली. तिचा हात मात्र माझ्या हातामागोमाग त्याच गुडघ्यावर आला. गुडघा गार होता.

सहाव्या दिवशी ताप एकशे दोनवर आला. वासराला तेवढा चालतो. दुपारी पाडीने आईच्या कासेला अशी ढुशी मारली की म्हातारी गाय एक पाऊल सरकली. जावेने घराकडे तोंड करून मुलाला हाक मारली, "अरं, शेडचं पत्रं मागवू नगंस."

काल तीच पाडी व्यायली. जावेने हात धुवायच्या आधी वासराला सडाला लावलं. मी वाटीत आयोडीन घेऊन नाळ बुडवली आणि वाटी बाजूला ठेवली. दोरा नाही, तूप नाही, पट्टी नाही. वासरू पीत असतानाच जाऊ म्हणाली, "आक्का, यादी कुठं हाय?" मी म्हटलं, आधी या पाडीचं पोट भरू दे. वार आपली आपण पडली.

म्हातारी गाय गेल्या वर्षी गेली. काकाची गाडी उन्हातच उभी असते. धाकटीने विचारलेली गाठ म्हणजे त्या जखमेचा वण आहे, सुपारीएवढा, आणि तो दुखत नाही. गोठा आहे. त्यात ती गाय आहे आणि तिची कालची पाडी आहे.