पिवळ्या दिव्याचा पंचनामा

हसायचं असेल तर आधी हसून घ्या आणि मगच चहाचा घोट घ्या. हा प्रसंग ऐकताना माझ्या दोन मित्रांच्या नाकात चहा गेलाय, आणि त्याचाही दोष त्यांनी माझ्यावरच टाकलाय.

मी जन्मभर भिवंडीत बातमीदारी केली. खड्डे, तुंबलेली गटारं, गोडाऊनच्या आगी, कोरडे नळ. कुणाला म्हणून सोडलं नाही. लोक म्हणतात, मी भांडखोर आहे. साफ खोटं! असं म्हणणाऱ्या प्रत्येकाशी मी भांडलोय.

तर, गेल्या वर्षी मी एक मोटरहोम घेतलं. दचकू नका. मुळात ती कामगारांची ने-आण करणारी एक म्हातारी डिझेल मिनीबस. सीटं काढून आत पलंग, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलं. बाहेरून पांढरा रंग, खिडक्यांना पडदे. आता चालतं-फिरतं घर आपलं! धामणकर नाक्यावरून गाडी पहिल्यांदा नेली तेव्हा रिक्षावाल्यांनी वाट करून दिली. मला वाटलं, काय हा मान! मग एकाने हात जोडून हळूच विचारलं, "कोण गेलं, काका?"

आमच्या सौ.ला, म्हणजे सुलभाला, ही गाडी पहिल्या दिवसापासून पटली नव्हती. भंडारदऱ्याला जायचं ठरलं तेव्हा तिने स्पष्ट बजावलं.

"अहो, ही शेवटची संधी. वाटेत गाडीत खोट निघाली, तर गाडी जनूला देऊन टाकायची. कबूल?"

जनू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वडप्याला हायवेलगत त्यांची वडिलोपार्जित जमीन, आता तिथे भलंमोठं गोडाऊन. त्याचा डोळा माझ्या गाडीवर कशासाठी होता माहितेय? वॉचमनची केबिन करायला! चाकं काढून, विटांवर ठेवून! अहो, निवृत्त माणसाचं स्वप्न विटांवर?

"कबूल!" मी म्हणालो. एवढं सांभाळून घेतलेल्या गाडीला काय होणार होतं?

आदल्या संध्याकाळी नाक्याजवळच्या पंपावर अर्धी टाकी डिझेल भरून आणलं. सकाळी कामतघरला आमच्या चाळीत पाणी आलं. आता आमच्याकडे पाणी येतं म्हणजे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळी चाळ धावत सुटते. मीही खिडकीतून पाइप खाली सोडला आणि गाडीत पाणी भरायला लागलो. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन. फोनवर पाणी खात्याचे साहेब. म्हटलं गाठलाच आहे तर सोडायचा कशाला?

"साहेब, एवढं पाणी सोडता म्हणता, मग ते जातं कुठे? मला उत्तर द्या, जातं कुठे पाणी?"

साहेबांनी फोनच ठेवून दिला. तेवढ्यात नळही गेला. मी पाइप गुंडाळला, झाकण घट्ट लावलं आणि विजयी मुद्रेने निघालो.

बायपास ओलांडतोय न ओलांडतोय तोच डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला.

"हे काय?" सुलभाने विचारलं.

"काही नाही. सेन्सर असतात. जुन्या गाडीला सवय असते."

"कसली?"

"दिवा लावायची."

सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला काच खाली करून विचारलं. तो वाकून बघत म्हणाला, "अरे चाचा, बत्ती जल रही है मतलब बत्ती अच्छी है. चलाओ!" मला हे तर्कशास्त्र फार आवडलं. सुलभाला नाही. ती त्या दिव्याकडे एकटक बघत बसली. शेवटी मी तिच्या पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं आणि एक मोठी मरून टिकली दिव्यावर चिकटवली.

"झालं. गेला दिवा."

"उद्या मला ताप आला तर थर्मामीटरलाही टिकली लावा," ती म्हणाली.

पुढे गाडीने एक उचकी दिली. मग दुसरी. मग धापा टाकल्या, आणि वडप्याला हायवेच्या कडेला गपकन बंद पडली. कुठे? एवढा मोठा हायवे, पण नाही. बरोब्बर जनूच्या गोडाऊनच्या गेटसमोर!

जनू धावतच बाहेर आला. चेहऱ्यावर काळजी होती, नाही असं नाही. पण हातात मापाची टेप होती.

"भावजी, गारी बरोबर आपले दारान आनलीत! ताई, खिरकी हिकरंच ठेवू ना? वॉचमनला गेट दिसाया पायजे."

"अरे, आधी काय झालंय ते तरी बघू दे!" मी ओरडलो. "आणि तुझा वॉचमन आहे कुठे?"

"तो गावाला गेलाय. केबिन न्हाय म्हनून रुसलाय."

हायवेवरचा बबलू मिस्त्री आला. हा माणूस असा, की गाडीचं दार उघडायच्या आधी निदान सांगतो. बॅटरी म्हणाला. मग वायरिंग. मग नोझल. शेवटी गाडीखाली शिरला, फिल्टरचा तळाचा स्क्रू सैल केला आणि एका प्लास्टिकच्या बाटलीत धार धरली. बाटली वर आली. वर पिवळसर डिझेल आणि खाली अर्धी बाटली स्वच्छ, नितळ पाणी!

"पानी है, साहब! इसी की बत्ती थी. पंपवाले ने चूना लगाया आपको!"

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या अंगात काय संचारलं ते! भेसळ! तीही माझ्या गाडीत! आणि खरं सांगायचं तर, रागाच्या आत एक आनंदाची उकळीही होती. डिझेल भेसळीचं म्हणजे गाडी निर्दोष. गाडी निर्दोष म्हणजे विटा रद्द!

"सुलभा, बघ! गाडीत खोट नाही. खोट पंपात आहे!"

"मग पंपाला फोन करा आणि निघू या," ती म्हणाली.

फोन? नुसता फोन? मी जनूच्या हातात मोबाइल दिला, बाटली उंच धरली आणि लाइव्ह सुरू केलं. "भिवंडीकरांनो! ही बाटली नीट बघा! हे डिझेल नाही, हा तुमच्या-आमच्या विश्वासात घातलेला..." वगैरे वगैरे. पाणी माफिया म्हणालो. काळं साम्राज्य म्हणालो. भरात येऊन पंपाचा पत्ताही सांगितला. बघणारे वाढत गेले. लोक अंगठे काय पाठवतायत, आगीच्या ज्वाळा काय पाठवतायत! जनू मधूनच मोबाइल खाली करून गाडीची लांबी मोजत होता.

थोड्याच वेळात पंपाचा मॅनेजर मोटरसायकलवरून आला. घामाघूम झालेला.

"साहेब, असं नका करू. मालक मला घरी बसवेल. काल संध्याकाळी त्याच नोझलने किती ट्रक भरून गेले. एकाची तरी तक्रार आली का?"

"ते घाबरतात! मी घाबरत नाही!"

"अहो, पण तुमच्या मागे उभी होती ती गाडी तर ही इथेच आहे!" त्याने बोट दाखवलं. खरंच, जनूच्या आवारात माल उतरवायला लागलेला एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर खाली बसून जेवत होता. म्हणाला, "हां, मैं ही था पीछे. ये चाचा आधा घंटा पंपवाले से झगड रहे थे कि मीटर शून्य दिखाओ."

लाइव्ह चालू होतं. मागे कसं हटायचं? "उघडा याचाही फिल्टर!" मी गरजलो.

बबलूने ट्रकचा फिल्टर उघडला. बाटली भरली. वरपासून खालपर्यंत निखळ डिझेल. पाण्याचा थेंब नाही.

बबलूने डोकं खाजवलं आणि एका क्षणात पक्ष बदलला. "फिर तो साहब, आप की टंकी गल गई है. कहीं से पानी घुस रहा है. गाडी भंगार है."

"मी काय बोलत होतो!" जनूने टेप फटकन बंद केली. "गारीच खराब हाय! ताई, तू बोललीस ना, खोट निघाली तर..."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मग मॅनेजरकडे पाहिलं. बिचारा गेटच्या कट्ट्यावर टेकून रुमालाने मान पुसत होता.

"दादा, तुम्ही बसा जरा. चहा टाकते," असं म्हणून ती गाडीत चढली.

आतून शेगडी पेटल्याचा आवाज आला. मग बेसिनचा नळ फिरवल्याचा. पाण्याचा मात्र आला नाही.

"अहो, नळाला पाणी येत नाहीये. सकाळी भरलंत ना?"

"भरलं म्हणजे? पाइप लावून भरलं!"

"मग गेलं कुठे?"

मंडळी, त्या क्षणी माझ्या पोटात जो खड्डा पडला, तसा खड्डा मी भिवंडीच्या रस्त्यावरसुद्धा पाहिलेला नाही. आमच्या गाडीला डाव्या अंगाला दोन झाकणं आहेत. शेजारी-शेजारी, दोन्ही काळी. एक पाण्याच्या टाकीचं. आणि एक... तुम्हाला कळलंच. वासावरून ओळखायला हवं होतं, म्हणताय? अहो, भिवंडीत सकाळी खिडकी उघडली तरी डिझेलचा वास येतो!

मी गुपचूप गाडीला वळसा घातला. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत. एका कोळ्याने जाळं विणून संसार थाटला होता, आणि त्याच्या संसारात सकाळपासून कसलाही व्यत्यय आलेला दिसत नव्हता.

आता करायचं काय? गप्प बसावं, तर अब्रू वाचते, पण गाडी विटांवर जाते आणि मॅनेजर घरी बसतो. बोलावं, तर गाडी वाचते, आणि मी जातो. तोही लाइव्ह!

मी परत आलो. मोबाइलसमोर उभा राहिलो. घसा साफ केला.

"पाणी मी घातलं."

"काय?" सुलभा दारातून म्हणाली.

"डिझेलच्या टाकीत पाणी मी घातलं. सकाळी. स्वतःच्या हाताने. पंपाची काही चूक नाही. गाडीची तर मुळीच नाही!"

मॅनेजर ताडकन उभा राहिला. आणि जनू? जनू माझ्या बचावाला धावला हो!

"न्हाय न्हाय! भावजी येवरं शिकलेलं मानूस. बी. ए. हायेत. ते डिझेलच्या टाकीन पानी घालतील? गारीच खराब हाय!"

"बी. ए. गेलं खड्ड्यात! मी घातलं!"

"भावजी, तुमी दमलाव. येवरा येरा मानूस नसतो."

"मी आहे! मी वेडाच आहे! पुरावा हवाय? जा, टाकी उघडून बघ, आत कोळी आहे! चाळीतल्या कुणालाही विचार, सगळ्यांनी मला पाइप धरलेला पाहिलाय! मी गाढव आहे, जनू, आणि तू मला शहाणा म्हणायचं आत्ताच्या आत्ता बंद कर!"

जन्मभर मी दुसऱ्यांचे गुन्हे सिद्ध केले. पण एवढा जीव तोडून, एवढ्या साक्षीपुराव्यांनिशी कुठलाच केला नव्हता. ट्रकवाला जेवण टाकून टाळ्या वाजवायला लागला. मोबाइलवर आता ज्वाळा येत नव्हत्या. हसून लोळणारे चेहरे येत होते, मुंग्यांच्या रांगेसारखे.

मॅनेजरची मी हात जोडून माफी मागितली. तो भला माणूस. म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी पाणी भरायलाही पंपावर या. आमचा माणूस भरून देईल."

सुलभाने निकाल दिला. "गाडीत खोट नाही. गाडी राहील."

मी सुटकेचा श्वास सोडला. बबलूने दुपारपर्यंत टाकी रिकामी करून साफ केली, फिल्टर बदलला, नवं डिझेल आलं. टिकली काढून बघितली, दिवा विझलेला. मी आनंदाने ड्रायव्हरच्या सीटकडे निघालो.

"तुम्ही कुठे?" सुलभा म्हणाली. "गाडी जनू चालवेल. त्याची बायकोही येतेय."

"आणि मी?"

"जनू भंडारदऱ्याला आला तर गेटवर कोण बसणार? वॉचमन नाही त्याचा."

आणि गेले की हो! पडदे उडवत, हॉर्न वाजवत गेले! जनू तर खिडकीतून हात बाहेर काढून ओरडला, "भावजी, गारी येकदम मक्खन हाय!"

मी गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. डोक्यावर जनूच्या वॉचमनची टोपी, उन्हासाठी. संध्याकाळी नाशिककडून एक ट्रक आला. मी उठून गेट उघडलं. ड्रायव्हर मोबाइल बघून एकटाच खदाखदा हसत होता. मला बघून थबकला.

"चाचा, ये डिझेल में पानी डालनेवाला पत्रकार... ये यहीं का गेट है ना? देखना है उसको. कहाँ है?"

मी टोपी पुढे ओढली.

"वो? वो तो भंडारदरा गया."

माझ्या आख्ख्या कारकिर्दीत मी दिलेली ती पहिली खोटी बातमी. म्हणजे, त्या दिवसातली दुसरी.