रुखमाच्या पाठीवरच्या पट्ट्या

पवनीच्या रुखमाचे हात बारमाही खाजायचे, चिरायचे. विड्या वळायच्या तर तेंदूपान आणि तंबाखू आलीच. वर भांड्यांचा साबण. यातलं नेमकं काय बाधतं हे शोधायला नागपूरच्या डॉक्टरीणबाई आल्या. तपासायची एकेक वस्तू एकेका पट्टीखाली ठेवून त्यांनी रुखमाच्या आणि इतर विडीवाल्या बायांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या.

"दोन दिवस पाठीला पाणी लावू नका. ज्या पट्टीखाली लाल होईल, ती वस्तू बाधते," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

साबण निघाला तर राखेनं भागलं असतं. तंबाखू निघाली तर विड्याच सुटल्या असत्या. रुखमाला एकदाचं काय ते कळायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी भावकीतली म्हातारी गेली. मयतावरून आल्यावर आंघोळीवाचून घरात पाऊल कसं टाकायचं? रुखमा पाठ वाचवत पाणी घेत होती, तेवढ्यात मोठी जाऊ गोदावरी धावली.

"मयतावरून आलेल्या पट्ट्या घरात नेतं काय वो? कायले मांजरीवानी आंघोळ करून राहिली?"

रुखमा नको नको म्हणेपर्यंत तिनं पट्ट्या उपटल्या आणि मायेनं खसाखसा पाठ घासून दिली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पाठ पाहिली. "अहो, ही तर सगळीच लाल. यातून काय ओळखायचं? पुढच्या महिन्यात परत लावू."

"लावा," रुखमा थकून म्हणाली, "पण आधी आमच्या भावकीतल्या म्हाताऱ्यांले तपासून घ्या, बाई."

घरी येऊन तिनं चिरलेल्या बोटांना खोबरेल चोळलं आणि तंबाखूचं सूप मांडीवर ओढलं.