हॉटेलच म्हणालो होतो ना?

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "अहो वन्सं, झोपेतच गेले हो हे..." एवढंच बोलून ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. शिट्ट्या होऊ दिल्या, गॅस बंद केला आणि मगच निघाले. महिना होऊन गेला, अजूनही आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग बोलायचं कधी? जिवंतपणी तो बोलूच द्यायचा नाही. गोड बोलण्यात माझ्या भावाचा हात धरणारा कोणी नव्हता.

आमचं घर शहाडला, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वडील लवकर गेले, आईने घरातच खानावळ चालवून आम्हा दोघांना शिकवलं. तिच्या आमटीसाठी कारखान्यातली माणसं ओट्यावर ताटकळत बसायची. त्याच आमटीवर दादा इंजिनीअर झाला, कंपनीच्या कामाने हॉलंडला जाऊन आला आणि तिथल्या यान-मारिके या जोडप्याशी मैत्री करून बसला. इकडे यंत्रं बसवायला येणाऱ्या परदेशी लोकांना राहायला धड जागा नाही, तर भागीदारीत कंपनी काढून छोटं हॉटेल सुरू करायचं, असं तिघांनी ठरवलं. भांडवल त्यांचं, जागा आमची. म्हणजे आईच्या नावावरचं घर.

"आई, आपण हॉटेल काढतोय," दादा म्हणाला. आता शहाडच्या बाईला हॉटेल म्हणजे काय? मिसळ, भजी, राइसप्लेट. आईचा चेहरा असा उजळला...

"मग माझी शेगडी कुठे मांडणार रे? वाढायला माणसं ठेव, पण फोडणी मीच घालणार हं."

"बघू गं, सगळं होईल."

यान आणि मारिके समोर बसून हसत माना डोलावत होते. त्यांना मराठी कळत नव्हतं. दादाला कळत होतं. वर कंपनीला आईचंच नाव देऊन त्याने तिला पुरती जिंकली. देवाला नमस्कार करून तिने सही केली.

बांधकाम होईतो आई माझ्याकडे वर्तकनगरला आली. लेकीच्या दारात राहायचं म्हणून अंग चोरून वावरायची आणि दादाचा फोन आला की तेवढंच विचारायची, शेगडी कुठे? "बघू गं." उद्घाटनाला गेलो तर नुसत्या खोल्या आणि पांढऱ्याशुभ्र चादरी. नाश्त्याचे पाव बाहेरून येणार होते. स्वयंपाकघराच्या जागी रिसेप्शन होतं आणि आई तिथली भिंत हाताने चाचपत उभी होती. मी दादाला बाहेर ओढलं. "आईला फसवलंस तू!"

"मी कुठे खोटं बोललो? हॉटेलच म्हणालो होतो ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई पुन्हा शहाडला गेली नाही. माझ्याकडेच राहिली, पण फोडणीला कधी हात लावला नाही. "तुझं घर, तुझी फोडणी," म्हणायची. ती गेली तेव्हा दादा ढसाढसा रडला. मला त्याची किळस आली होती. अजून येते.

त्याचं तेरावं झाल्यावर मारिकेने मला शहाडला बोलावलं. रिसेप्शनमागच्या भिंतीवर त्याचा फोटो लावायचा होता. तिथे दादाच्या वळणदार अक्षरातली एक पाटी होती. बाहेर 'हॉटेल' वाचून येणारेजाणारे आत शिरून मिसळ मागत, त्यांना कंटाळून त्याने ती लिहिली होती.

"तुमच्या आईंनाही स्वयंपाकाचा कंटाळा आला होता ना?" मारिकेने इंग्रजीत विचारलं. "त्यानेच सांगितलं होतं आम्हाला."

पाटी काढायला तिने हात वर केला, तेव्हा मी तो धरला. "फोटो दुसरीकडे लावा. आई ज्या प्रश्नाचं उत्तर मागत मेली, ते त्याने एवढ्या एकाच ठिकाणी खरं दिलंय."

आईची शेगडी असायची त्या जागेच्या वर, तिच्याच भिंतीवर ती पाटी अजून आहे : येथे जेवण मिळत नाही.