पंख फुटलेला डोंगर

पन्नासच्या दशकात देहूरोडच्या बाजूला, फौजेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी रडार शिकलो. तोवर शेजारच्याच गोदामात पेट्या उचलत होतो. मॅट्रिक झालेल्या आम्हा काही जणांना तिथून निवडलं, आणि जो नापास होईल त्याने मुकाट परत पेट्यांकडे जायचं, असं पहिल्याच दिवशी बजावलं. मी मात्र पास व्हायच्या आधीच, रडारवाला झालो म्हणून चाकणजवळच्या आमच्या गावात सांगून मोकळा झालो होतो. वडील पारावर बसून म्हणायचे, आमचं पोरगं आता आभाळ राखतं.

शिकवायला एक सुभेदार होते. ते म्हणायचे, विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारा आणि लगेच गप्प बसा. ओरडतच राहिलात तर परत आलेली हाक ऐकणार कशी? रडारही तेच करतं. क्षणभर लहर सोडतं, मग गप्प बसून वाट बघतं. लहरीला जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, पण वेळ निम्मा धरायचा, कारण त्यात जाणंही आलं आणि येणंही. वर फिरणाऱ्या अँटेनाचं तोंड त्या वेळी जिकडे असेल, ती दिशा. मला हे इतकं चटकन समजलं, की कुणी न विचारताच मी इतरांना शिकवायला लागलो. शहाणपण अंगात मावत नव्हतं.

मग परत आलेली लहर जिच्यावर ठिपका होऊन दिसते, त्या रडारच्या गोल काचेपुढे मला पहिल्यांदा बसवलं. हिरवट रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरत होती. पूर्वेकडे एक ठिपका उजळला, रेघ पुढे गेली तसा मंदावला, पुन्हा उजळला. मी छाती काढून सांगितलं, "साहेब, विमान. आपल्याकडेच येतंय."

सुभेदारांनी मला शेडबाहेर नेलं आणि हात लांब करून दाखवलं. समोर आमच्या खंडोबाचा डोंगर होता. रोज सकाळी तोंड धुतलं की मी त्याच दिशेला हात जोडत होतो. आमच्या घरची रीतच ती, त्याशिवाय चहा पोटात जात नाही. लहर डोंगरावर आपटूनही परत येते, म्हणून जागचे न हलणारे ठिपके आधी पाठ करायचे, हे मीच इतरांना पढवलं होतं. मागे सगळी शेड हसत होती. मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

सुभेदारांनी मला परत पाठवलं नाही, एक काम दिलं. काचेवर पातळ कागद धरून सगळे न हलणारे ठिपके उतरवायचे आणि प्रत्येकापुढे डोंगराचं नाव घालायचं. इथला माणूस म्हणून ते मलाच सांगितलं. मी केलं, खंडोबाचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं, आणि पास झालो. नव्या मुलांना शिकवण्यासाठी तो कागद भिंतीवर लागला. कुणा टवाळाने त्या डोंगराला पेन्सिलीने दोन पंख काढले. मग दर तुकडीचा पहिला धडा तिथूनच सुरू व्हायचा, आणि मला दरवेळी तितकीच लाज वाटायची.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची. त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडत. वडील ठेवणीतलं धोतर नेसून आले. मी त्यांना झेंडूच्या माळा दाखवत भराभर पुढे नेत होतो, पण ते नेमके त्या कागदापुढे थांबले आणि हा कुठला डोंगर म्हणून विचारू लागले. मी सांगितलं.

"मंग त्याला पंख कशापायी?"

एक जण त्याला विमान समजला होता, मी म्हणालो. माझे सोबती तोंडावर हात धरून उभे होते.

"कोन व्हता त्यो?"

"होता एक. बाहेरगावचा."

"तरीच," वडील म्हणाले. "आपल्यातला असता तर त्यानं वळखला असता."

त्यांनी वहाणा काढल्या आणि कागदासमोर हात जोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बी जोड की." मी जोडले. त्या पंखांकडे बघायचं काही मला धाडस झालं नाही.